चुकीची माहिती देणाऱ्या व्हिडिओला डिसलाइक दिल्याने पुढच्या प्रेक्षकाला काही कळते का?

सुपारीबाग यांचा प्रश्न

नमस्कार. आमची सुपारीची बाग दापोली तालुक्यात आहे. पावसाळ्याच्या तोंडावर कोळेरोगाला, म्हणजे सुपारीची फळे सडवणाऱ्या बुरशीजन्य रोगाला, आळा घालण्यासाठी एक टक्का बोर्डो मिश्रणाची, म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुना यांच्या बुरशीनाशक द्रावणाची, फवारणी करावी लागते. यंदा माझ्या पुतण्याने हे मिश्रण करण्याची पद्धत दाखवणारा यूट्यूबवरचा एक मराठी व्हिडिओ मला पाहायला दिला. चित्रीकरण उत्तम होते, बोलणाराही आत्मविश्वासाने बोलत होता, परंतु त्याने मोरचूद लोखंडी पिंपात विरघळवला, त्याच पिंपात वरून चुन्याची निवळी ओतली आणि मिश्रण न तपासताच पंपात भरले. मोरचूद लोखंडाच्या भांड्यात कालवू नये, दोन्ही द्रावणे वेगवेगळी करून तिसऱ्या भांड्यात एकाच वेळी ओतावीत आणि शेवटी विळ्याचे पाते बुडवून पाहावे, हे आमच्याकडे जुन्या माणसांना पाठ आहे. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजायचे, कारण तसेच फवारले तर कोवळी फळे आणि पाने करपतात.

त्या व्हिडिओला हजारो लाइक आहेत. मी डिसलाइकचे बटण दाबले, अंगठ्याचा रंग बदलला, पण आकडा कुठेच दिसला नाही. माझ्याआधी आणखी किती जणांनी तेच बटण दाबले असेल हे मला कळले नाही आणि माझ्यानंतर पाहणाऱ्यालाही कळणार नाही. म्हणून विचारतो. या बटणाचा आता नेमका उपयोग काय उरला आहे? आणि आपण सगळे लाइक व डिसलाइक कोणत्या हेतूने देता? व्हिडिओ आवडला म्हणून, तो खरा आहे म्हणून, की करणाऱ्या माणसाला बरे वाटावे म्हणून?

दप्तर_जुने यांचे उत्तर

आपल्या पहिल्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की पुढच्या प्रेक्षकाला काहीही कळत नाही. 10 नोव्हेंबर 2021 रोजी यूट्यूबने डिसलाइकचा आकडा प्रेक्षकांपासून झाकण्याचा निर्णय जाहीर केला. बटण ठेवले, आकडा काढला. तो आता फक्त व्हिडिओ टाकणाऱ्याला त्याच्या यूट्यूब स्टुडिओत, म्हणजे चॅनेल सांभाळण्याच्या त्याच्या खासगी पानावर, दिसतो.

यामागचा इतिहास थोडा सांगतो, कारण आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. सुरुवातीच्या वर्षांत यूट्यूबवर एक ते पाच तारे देण्याची सोय होती. सप्टेंबर 2009 मध्ये कंपनीनेच जाहीरपणे लिहिले की बहुतेक सगळे लोक पाच तारेच देतात, त्याखालोखाल एक तारा देणारे असतात आणि मधले तारे जवळजवळ कुणी वापरतच नाही. म्हणजे 'बरा आहे, पण मध्यभागी चुकला आहे' असे मत देण्याची सोय उपलब्ध असूनही लोक ती वापरत नव्हते. जो भारावला तो पाच देई, जो चिडला तो एक. मग 2010 च्या मार्चमध्ये तारे गेले आणि वर व खाली वळलेले दोन अंगठे आले. पुढे नेटफ्लिक्सनेही 2017 मध्ये पाच तारे काढून अंगठेच आणले. याचा अर्थ मी असा लावतो की ही बटणे पहिल्यापासूनच भावना नोंदवण्यासाठी वापरली गेली, आणि आपण त्यांच्याकडून माहितीच्या अचूकतेची अपेक्षा करतो आहोत.

तरीही आकडा दिसत होता तोवर त्याचा एक आडवाटेचा उपयोग होता, आणि तो फार मोलाचा होता. नळाचा वायसर बदलणे, सातबाऱ्यावरील नोंदीसाठी अर्ज करणे, संगणकातील बिघाड दूर करणे अशा विषयांवरचा व्हिडिओ उघडला की लोक आधी दोन अंगठ्यांच्या खालची रेघ पाहत. लाइक आणि डिसलाइक यांचे प्रमाण त्या रेघेत एका नजरेत दिसे. त्यातला डिसलाइकचा भाग तांबडा असो की करडा, त्याची लांबी पाहून पहिल्या पाच सेकंदांतच व्हिडिओ बंद करता येई. यूट्यूबच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या जावेद करीम यांनीही या निर्णयाला उघड विरोध केला. सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयातील हत्तींसमोर चित्रित केलेला, 23 एप्रिल 2005 रोजी टाकलेला यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ त्यांचाच आहे. निर्णय जाहीर झाल्यावर त्यांनी त्या व्हिडिओखालचे वर्णन बदलून, निकृष्ट मजकूर झटकन ओळखता येणे ही अशा व्यासपीठाची मूलभूत गरज आहे, अशा आशयाचा मजकूर तिथे लिहिला. मला त्यांचे म्हणणे पटते.

गणित_मराठीतून यांचे उत्तर

मी कोल्हापुरात राहते आणि मराठी माध्यमाच्या आठवी ते दहावीच्या मुलांसाठी गणिताचे व्हिडिओ करते, म्हणून पडद्याच्या दुसऱ्या बाजूने लिहिते.

स्टुडिओत मला लाइक आणि डिसलाइक यांचे प्रमाण टक्केवारीत दिसते. परंतु डिसलाइक का दिले हे त्यातून कधीही कळत नाही. आवाज कमी होता म्हणून, मी एक पायरी गाळली म्हणून, फळ्यावर उजेड चमकत होता म्हणून, की उद्या परीक्षा आहे आणि हवे ते उदाहरण या व्हिडिओत नव्हते म्हणून? यांपैकी काहीही असू शकते. याउलट प्रेक्षक कोणत्या क्षणापर्यंत टिकून राहिले हे दाखवणारा आलेख मला प्रत्येक वेळी काहीतरी शिकवतो. वर्गसमीकरणाच्या एका व्हिडिओत मी अवयव पाडताना मधल्या पदाची फोड एकदम लिहून टाकली होती. आलेख तिथे खाली घसरला नव्हता, वर चढला होता, म्हणजे मुले तेवढाच तुकडा मागे नेऊन पुन्हा पुन्हा पाहत होती. तिथे मी घाई केली होती हे मला त्यावरून समजले. त्या व्हिडिओखाली डिसलाइक जवळजवळ नव्हतेच, कारण ज्याला समजले नाही त्या मुलाला दोष स्वतःचाच वाटतो. तो डिसलाइक देत नाही.

हे मला महत्त्वाचे वाटते. डिसलाइक देण्यासाठी आपल्याला विषय कळतो असा विश्वास लागतो. सुपारीबाग यांना बोर्डो मिश्रण येते म्हणून ते चूक ओळखू शकले. ज्याला शिकण्याची खरी गरज आहे तो नवखा माणूस चुकीच्या व्हिडिओलाही कृतज्ञतेने लाइक देतो, आणि मिश्रणाने पाने करपेपर्यंत आठवडा जातो. त्यानंतर परत येऊन लाइक काढून घेणारे मला तरी फारसे भेटलेले नाहीत. शिकवणाऱ्या व्हिडिओवरचे लाइक हे प्रयोग करण्याच्या आधी दिलेले मत असते, एवढे लक्षात ठेवून तो आकडा वाचावा.

'लाइक करा, शेअर करा, सबस्क्राइब करा आणि घंटीचे बटण दाबायला विसरू नका' हे वाक्य मी सुरुवातीला म्हणत नाही. उदाहरण सुटण्याच्या आधी मुलाकडे पसंती मागणे मला योग्य वाटत नाही.

तापीकाठ यांचे उत्तर

मी थोडे वेगळे मत मांडते. आकडा झाकला हे बरे झाले असे मला वाटते, आणि त्याचे कारण माझ्या भाषेत आहे.

माझी मावसबहीण अहिराणीत ओव्या आणि लग्नातली गाणी म्हणून दाखवते. आकडा दिसत होता त्या काळात तिच्या व्हिडिओंखाली डिसलाइक एकेक करून येत नसत. एखाद्या गटात दुवा फिरला की काही मिनिटांत ते झुंडीने येत, आणि सोबत 'आधी शुद्ध मराठी बोलायला शिका' अशा कमेंट येत. ज्यांनी दोन ओळीही ऐकल्या नव्हत्या त्यांनी दिलेला तो आकडा पुढच्या प्रत्येक पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा येई. दप्तर_जुने म्हणतात तशी लोक आधी रेघच पाहत, आणि रेघ पाहून गाणे न ऐकताच निघून जात. यूट्यूबने त्या वेळी कारण दिले होते ते हेच होते: प्रयोगादाखल आकडा झाकून पाहिल्यावर ठरवून केलेले असे हल्ले कमी झाले, आणि हे हल्ले लहान व नवख्या चॅनेलांवर प्रमाणाने अधिक होत होते.

मोठ्यांचे काही बिघडत नव्हते. डिसेंबर 2018 मध्ये यूट्यूबच्या स्वतःच्याच 'रिवाइंड' या वर्षअखेरच्या व्हिडिओला आठवडाभरात एक कोटी डिसलाइक पडले. ऑगस्ट 2020 मध्ये, सुशांतसिंह राजपूत यांच्या मृत्यूनंतर चित्रपटसृष्टीतील घराणेशाहीविषयी जो संताप उसळला होता, त्यात 'सडक 2' च्या ट्रेलरला एक कोटीहून अधिक डिसलाइक मिळाले. त्याच महिन्याच्या अखेरीस 'मन की बात' च्या व्हिडिओखाली नीट आणि जेईई परीक्षा पुढे ढकलाव्यात म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांनी तेच केले. यातील कुणीही त्या व्हिडिओचा दर्जा मोजत नव्हते. ते निषेध नोंदवत होते, आणि निषेधाचा तो हक्क मी मान्य करते. परंतु तोच हत्यार म्हणून वापरलेला अंगठा घरात मोबाइलवर गाणाऱ्या बाईवर उगारला जातो, तेव्हा तिच्यामागे ना कंपनी असते ना पक्ष.

दप्तर_जुने यांचे उत्तर

तापीकाठ, आपल्या बहिणीच्या बाबतीत जे घडले ते मी नाकारत नाही, आणि त्या प्रसंगी आकडा झाकणे न्याय्यच होते. माझा आक्षेप एवढाच आहे की गाणे आणि फवारणी यांना एकच नियम लावला गेला. गाण्याच्या बाबतीत दुसऱ्याचे मत कळले नाही तर कुणाचे नुकसान होत नाही. औषधाचे प्रमाण, विजेची जोडणी, गॅसची शेगडी उघडून साफ करणे अशा विषयांत ते होते. व्हिडिओ टाकताना 'शैक्षणिक', 'संगीत' असा वर्ग नोंदवलेला असतोच, तेव्हा निदान काही वर्गांत तरी आकडा दाखवणे अशक्य नव्हते.

काही जण 'रिटर्न यूट्यूब डिसलाइक' हे ब्राउझरचे एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचे पूरक साधन) वापरतात, त्याविषयीही सांगून ठेवतो. 2021 च्या डिसेंबरमध्ये खरा आकडा मिळण्याचा मार्ग यूट्यूबने बंद केला. तेव्हापासून ते एक्स्टेन्शन आधी साठवलेली जुनी माहिती आणि ते बसवलेल्या लोकांनी दाबलेली बटणे यांवरून अंदाज काढते. जगभर पाहिल्या जाणाऱ्या इंग्रजी व्हिडिओसाठी तो अंदाज उपयोगी पडू शकतो. परंतु कोकणातला बागाईतदार व्हिडिओ पाहतो तो मोबाइलच्या अ‍ॅपवर, जिथे हे एक्स्टेन्शन चालतच नाही. मराठी शेतीविषयक व्हिडिओखाली त्याने दाखवलेल्या आकड्यावर मी विसंबणार नाही.

सुपारीबाग यांचे उत्तर

सर्वांचे आभार. 'प्रयोगाच्या आधी दिलेले मत' हे गणित_मराठीतून यांचे म्हणणे मला सर्वांत अधिक पटले. मी त्या व्हिडिओखाली कमेंट लिहिली आहे ती अशी:

'2 मिनिटे 40 सेकंदांपासून पुढची कृती कृपया कुणी करू नये. मोरचूद लोखंडी पिंपात कालवू नका. प्लॅस्टिकच्या भांड्यात 50 लिटर पाण्यात 1 किलो मोरचूद विरघळवा, दुसऱ्या भांड्यात 50 लिटर पाण्यात 1 किलो कळीचा चुना विरजवून गाळून घ्या, दोन्ही द्रावणे तिसऱ्या भांड्यात एकाच वेळी ओतून काठीने ढवळा. विळ्याचे पाते बुडवून पाहा, तांबूस झाले तर आणखी चुन्याची निवळी घाला. मिश्रण त्याच दिवशी वापरा.'

परंतु तिथे आधीच शेकडो कमेंट आहेत आणि माझी कुठे तरी खाली जाऊन बसली आहे. ती वर येण्यासाठी काही करता येते का?

गणित_मराठीतून यांचे उत्तर

येते, आणि लाइकचा सर्वांत चांगला उपयोग मला इथेच दिसतो. कमेंटचा क्रम दोन प्रकारे लावता येतो, 'टॉप' आणि 'नवीन'. बहुतेक लोक पहिलाच क्रम पाहतात, आणि त्यात वर येण्यासाठी कमेंटला मिळालेले लाइक व तिच्याखाली झालेली चर्चा यांचा उपयोग होतो. आपल्या ओळखीच्या बागाईतदारांना तो व्हिडिओ पाठवताना 'डिसलाइक द्या' असे सांगण्याऐवजी 'ही कमेंट वाचा आणि पटली तर तिला लाइक द्या' असे सांगा. व्हिडिओचा डिसलाइकचा आकडा लपलेला असला तरी कमेंटच्या लाइकचा आकडा सर्वांना दिसतो. कमेंटलाही डिसलाइक देता येते, परंतु त्याचा आकडा तिथे दाखवत नाहीत, त्यामुळे कुणी आकसाने दिले तरी आपले म्हणणे वाचकाच्या नजरेत उणे ठरत नाही.

एक बदल सुचवते. '2 मिनिटे 40 सेकंद' हे अक्षरांत न लिहिता 2:40 असे लिहा. त्या आकड्यावर बोट ठेवले की व्हिडिओ थेट त्या जागी जातो आणि वाचणारा चूक स्वतः पाहू शकतो. शिवाय चॅनेल चालवणाऱ्याला उद्देशून एक सौम्य वाक्य घाला. कमेंट काढून टाकण्याचा अधिकार त्याच्याकडे आहे, आणि ती सर्वांत वर टाचून ठेवण्याचाही आहे. माझ्या एका व्हिडिओत त्रिकोणाची बाजू लिहिताना अक्षरे उलटसुलट झाली होती, ते दाखवून देणाऱ्या मुलीची कमेंट मी टाचून ठेवली आहे. ती वाचून पुढच्या कुणाचाही गोंधळ झालेला नाही. भल्या माणसाला चूक दाखवली की तो ती दुरुस्त करतो, फक्त त्याचा अपमान होता कामा नये.

ओसरी यांचे उत्तर

लाइक कशासाठी देतो, या प्रश्नावर कुणी विस्ताराने लिहिले नाही म्हणून लिहितो.

आमच्या घरात लाइक हा आहेरासारखा चालतो. भाच्याने सायकलवारीचा व्हिडिओ टाकला की सगळ्यांनी अंगठा द्यायचा, आणि कुणी दिला नाही हे लक्षात राहते. माझी आई तर व्हिडिओ सुरू होण्याआधीच लाइक देते, कारण करणाऱ्याने कष्ट घेतले आहेत आणि त्याला रिकाम्या हाताने पाठवायचे नाही, अशी तिची धारणा आहे. मला ही वृत्ती मनापासून आवडते. कीर्तनाच्या, भजनाच्या, गावच्या जत्रेच्या व्हिडिओंना जे भरभरून लाइक मिळतात त्यांत हा सद्भाव फार मोठा असतो.

परंतु यूट्यूबचे यंत्र या सद्भावाकडे आवडीचा पुरावा म्हणून पाहते. आपल्याला पुढे काय दाखवायचे हे ठरवताना आपण कशावर बोट ठेवले, किती वेळ पाहिले, अधूनमधून विचारल्या जाणाऱ्या 'हा व्हिडिओ कसा वाटला' या प्रश्नाला काय उत्तर दिले, कुणाला पाठवले आणि लाइक वा डिसलाइक दिले, हे सगळे विचारात घेतले जाते, असे कंपनीने 2021 मध्ये स्वतःच लिहिले आहे. 2012 पासून पाहण्याच्या वेळेला त्यात फार महत्त्व आहे. म्हणून एखादा व्हिडिओ संतापून शेवटपर्यंत पाहिला आणि मग डिसलाइक दिले, तर आपण यंत्राला दोन विरुद्ध निरोप देतो.

डिसलाइकचा निरोप किती पोचतो, याचा फायरफॉक्स ब्राउझरमागच्या मोझिला फाउंडेशन या संस्थेने अभ्यास केला आणि तो सप्टेंबर 2022 मध्ये प्रसिद्ध केला. त्यासाठी 22,722 स्वयंसेवकांनी आपल्या ब्राउझरमधून माहिती दिली आणि त्यांना सुचवले गेलेले सुमारे 56 कोटी 70 लाख व्हिडिओ तपासले गेले. डिसलाइक दिल्यामुळे तशाच प्रकारच्या नको असलेल्या शिफारशींपैकी फक्त 12 टक्के टळल्या. 'रस नाही' या पर्यायाने 11 टक्के, पाहिलेल्यांच्या यादीतून तो व्हिडिओ काढून टाकल्याने 29 टक्के, तर 'या चॅनेलची शिफारस करू नका' या पर्यायाने 43 टक्के टळल्या. यूट्यूबने या निष्कर्षांवर आक्षेप घेतला. त्यांचे म्हणणे असे की एखादा विषय वा दृष्टिकोन सगळाच्या सगळा गाळून टाकणे हा या पर्यायांचा हेतूच नाही. तो युक्तिवाद मान्य केला तरी, नको ते दिसू नये म्हणून डिसलाइक दाबत बसणाऱ्याचे श्रम बव्हंशी वाया जातात, हे त्या आकड्यांवरून मला स्पष्ट दिसते.

सुपारीबाग यांचे उत्तर

2:40 ची दुरुस्ती केली आणि सौम्य वाक्यही घातले. ओसरी, आपल्या उत्तरावरून एक शंका येते. चूक नीट पाहावी म्हणून मी तो व्हिडिओ अनेकदा पाहिला. आता तसलेच आणखी व्हिडिओ मला दिसू लागले आहेत. त्यावर उपाय काय?

ओसरी यांचे उत्तर

आपण पाहिलेल्या व्हिडिओंची यादी अ‍ॅपमध्ये 'हिस्ट्री' या नावाने असते. तिथे त्या व्हिडिओच्या शेजारील तीन ठिपक्यांवर बोट ठेवा आणि तो यादीतून काढा. मुख्य पानावर त्याच चॅनेलचा दुसरा व्हिडिओ दिसला तर त्याच्या शेजारच्या तीन ठिपक्यांतून चॅनेलची शिफारस नको असे सांगा. आपली कमेंट याने पुसली जात नाही. आणि असे व्हिडिओ तपासण्याचे काम पुढेही करणार असाल तर आधी हिस्ट्रीची नोंद थांबवा, तपासून झाल्यावर ती पुन्हा सुरू करा.